निजायची वेळ

अकरा वर्षं मला उजेडात झोपवलं गेलं.
डिसेंबरात आमच्या ब्लफला सूर्य साडेनऊनंतर बुडतो,
आणि एजन्सीची बाई यायची साडेसातला.
पुढे तिला अजून चार घरं होती, तिचा काय दोष.
रोज वेगळी. नाव विचारेपर्यंत
माझा स्वेटर डोक्यावरून निघालेला असायचा.
पडदा ओढला तरी फटीतून उन्हाची एक पट्टी
भिंतीवर सरकत राहायची,
बाहेर शेजारची पोरं सायकलींवर बोंबलत असायची,
आणि मी, त्रेचाळीस वर्षांची बाई,
दात घासून, आडवी, टक्क जागी.

आंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी.
बुधवारचा घाम शुक्रवारपर्यंत माझाच.
वहीत शेरा असायचा:
राविनिया, सहकार्य चांगले.

मग नियम बदलले.
पैसे तेवढेच, हे आधीच सांगते,
एक डॉलर वर नाही.
पूर्वी ते माझ्या डोक्यावरून जायचे,
आता हातातून जातात.
आणि माझे हात तर थरथरतात.

भाऊ म्हणाला, झेपेल का तुला?
पगार, रजा, टॅक्स, पावत्या?
मी म्हटलं, तुला दोन लग्नं झेपली?
तो हसला. मग गप्प बसून
मला फाइली लावून दिल्या, रंगीत चिठ्ठ्यांसकट.

जाहिरात मी स्वतः टाइप केली,
एका बोटाच्या पेराने, दोन संध्याकाळी:
माणूस हवं. रात्री अकरापर्यंत थांबणारं.
कुत्र्याला न भिणारं.
माझं वाक्य मलाच पुरं करू देणारं.
‘चला, आपण आता जेवूया हं’ असं बोलणाऱ्यांनी
कृपया येऊ नये.

पहिला आला तो तीन आठवडे टिकला.
एका रात्री उगवलाच नाही.
मी खुर्चीतच पहाट काढली,
मान धरली, पावलं सुजून भाकरीएवढी झाली,
आणि शिव्या घालायला एजन्सीही नव्हती.
त्याला मीच निवडलं होतं.
पावलांकडे बघत बसले.
चूकसुद्धा माझी स्वतःची असण्याची
सवयच राहिली नव्हती.

मग पिरिहिरा.
कालवं फोडायच्या शेडमध्ये सतरा वर्षं काढलेली,
मनगटात जोर, बोटांत घाई नाही.
पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय करायचंय?
मी म्हटलं, काही नाही. अंधार पडेपर्यंत बाहेर बसायचंय.
तिने घड्याळाकडे नाही, माझ्या कोटाकडे पाहिलं.
म्हणाली, दुसरा घाल, वारा आहे.

रस्ता संपतो तिथे गेलो.
आभाळ गच्च. तारा एकही नाही.
कागदात बटाट्याचे चिप्स, व्हिनेगर जास्त.
मी तोंड उघडेपर्यंत तिचा हात हवेत थांबायचा,
उगाच ओठाशी यायचा नाही.
समुद्र आधी राखाडी झाला,
मग नुसता आवाज उरला.
अंधार आरामात आला,
जणू त्याला पुढे कुठलंच घर घ्यायचं नव्हतं.

अकराला दहा कमी असताना ती म्हणाली, घरी?
शेवटी प्रश्नचिन्ह होतं, मी नीट ऐकलं.
अजून नाही, मी म्हटलं.
बरं, म्हणाली, आणि कागदाच्या तळाचे
करपलेले तुकडे आम्ही वाटून घेतले.
रात्रभर छातीत जळजळलं.

महिन्याअखेरीला तासांचा तक्ता भरायचा असतो.
एका रकान्यात विचारतात: मदतीचा उद्देश.
मी लिहिलं, अंधार.
तक्ता परत आला,
समासात शिसपेन्सिलीने: कृपया स्पष्ट करावे.

तो फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली.
पिरिहिरा म्हणते, लिहून टाक काहीतरी, मुदत सोमवारची आहे.
लिहीन.
आज शनिवार आहे, सव्वानऊ वाजलेत,
भिंतीवर ऊन आहे,
आणि मी अजून स्वेटरमध्ये आहे.